एक मोठा पंप की तीन लहान? खाऱ्या पाण्याच्या टँकमधील प्रवाहाचे नियोजन

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. टँक १२० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि ५५ सेंटीमीटर उंच आहे. स्टँडच्या आत सम्प आहे. सुरुवातीला मऊ प्रवाळ आणि मोठ्या पॉलिपचे काही कठीण प्रवाळ ठेवायचे आहेत (पॉलिप म्हणजे प्रवाळातील एकेक जीव) व पुढेमागे ॲक्रोपोरा या लहान पॉलिपच्या कठीण प्रवाळाचाही विचार आहे. ताशी १२,००० लिटरचा एकच रिटर्न पंप (सम्पमधील पाणी वर टँकमध्ये परत चढवणारा) घ्यावा, त्याच्या नळीला दोन तोंडे काढून दोन्ही बाजूंनी पाणी सोडावे, म्हणजे टँकच्या आत वेगळे पंप लावावे लागणार नाहीत, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. तो मानावा का, आणि पंप एसी घ्यावा की डीसी, हे आपण विचारले आहे. (सम्प म्हणजे टँकखालची दुय्यम टाकी. हा शब्द ‘संप’ असा लिहिला की कामगार डोळ्यांसमोर येतात, म्हणून मी मुद्दाम ‘सम्प’ लिहितो.)

तो सल्ला मानू नये. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाणी हलवण्याची दोन वेगवेगळी कामे असतात आणि ती दोन वेगळ्या जातींच्या पंपांनीच नीट होतात. पहिले काम पाणी सम्पमधून वर चढवण्याचे आहे. दुसरे काम टँकमधले पाणी टँकमध्येच फिरवण्याचे आहे. पहिल्या कामाला दाब लागतो, पाणी बेताचे पुरते. दुसऱ्या कामाला दाब जवळजवळ लागतच नाही, पाणी मात्र भरपूर लागते. एकाच पंपाकडून दोन्ही कामे करून घ्यायला गेल्यास दाबासाठी वीज जाळून प्रवाह मिळवावा लागतो, आणि तो मिळतो तोही अरुंद, टोचणाऱ्या धारेच्या रूपात.

आकडेमोड करून पाहू. काठापासून पाच सेंटीमीटर जागा सोडली तर आपल्या टँकमध्ये ३६० लिटर पाणी मावते; दगड आणि वाळूची जागा वजा केल्यावर खरे पाणी ३२० लिटरच्या आसपास उरते. ताशी १२,००० लिटरचा एसी पंप १०० वॅट सहज घेतो. हा पंप पाण्यात बुडवून ठेवलेला असेल तर त्याची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. एक किलो समुद्राच्या पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४ किलोज्यूल लागतात. त्या हिशोबाने, उष्णता बाहेर जायला वावच नसता तर ३२० लिटर पाणी दर तासाला पाव अंशाहून थोडे अधिक तापले असते. प्रत्यक्षात काचेतून आणि पृष्ठभागावरील बाष्पीभवनातून बरीच उष्णता निघून जाते. तरीही उन्हाळ्यात हाच पंप आपल्याला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यायला लावू शकतो. शिवाय १०० वॅट चोवीस तास म्हणजे तीस दिवसांत ७२ युनिट, आणि हे फक्त एका पंपाचे.

रिटर्न पंपाने किती पाणी फिरवायचे? टँकच्या पाण्याच्या तीन ते सहा पट दर तासाला, इतके पुरे होते. आपल्याकडे ते ताशी १,००० ते १,९०० लिटर येते. सम्पमध्ये स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र), हीटर आणि गाळण्याची व्यवस्था असते. तेथून पाणी फार वेगाने गेले म्हणून ते अधिक स्वच्छ होत नाही, कारण स्किमर आपल्या स्वतःच्या पंपाच्या गतीनेच पाणी हाताळतो. उलट ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टँकमधून खाली सम्पमध्ये उतरणाऱ्या, नळ्या गुरगुरू लागतात, सम्पच्या कप्प्यांत पाणी उसळते आणि बारीक बुडबुडे वर टँकमध्ये येतात. टँकचा आवाज असह्य झाला म्हणून ज्यांनी मला विचारले, त्यांच्यापैकी बहुतेकांना मी एवढेच सांगितले की रिटर्न पंप निम्म्यावर आणून पाहा.

मात्र पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा हा शून्य उंचीवरचा असतो, हे विसरून चालत नाही. पाणी जितके वर चढवायचे तितके ते कमी येते आणि एका ठरावीक उंचीवर पूर्ण थांबते. या उंचीला कमाल हेड म्हणतात. आपल्याकडील उंची मोजताना पंप कोठे ठेवला आहे ते पाहू नये. सम्पमधील पाण्याच्या पातळीपासून वरच्या टँकमधील पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर धरावे. स्टँड ८० सेंटीमीटरचा असेल आणि सम्पमधील पाणी जमिनीपासून वीस सेंटीमीटरवर असेल, तर हे अंतर सुमारे १.१ मीटर भरते. त्यात नळीचे घर्षण मिळवावे लागते. तेवढेच पाणी २५ मिलिमीटरऐवजी २० मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीतून नेले, तर घर्षणाने वाया जाणारा दाब साधारण तिप्पट होतो, कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. काटकोनी एल्बो जितके कमी तितके बरे. पंपाच्या तोंडाचा व्यास लहान असला तरी नळी एक माप मोठी घ्यावी. यात खर्च किरकोळ आहे आणि फायदा कायमचा आहे.

येथेच डीसी पंपाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यामुळे पुष्कळ जण फसतात. डीसी पंपाचा वेग कमी करता येतो आणि वेगाच्या प्रमाणात प्रवाह कमी होतो, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. समजा पंपाचे कमाल हेड ३.५ मीटर आहे. वेग ७० टक्क्यांवर आणला की ते १.७ मीटर राहते. वेग निम्मा केला की ०.८७ मीटर उरते, आणि आपल्याला तर पाणी १.१ मीटर चढवायचे आहे. म्हणजे निम्म्या वेगावर पंप फिरत राहील, दिवा लागलेला दिसेल, पण वर थेंबही येणार नाही. त्यामुळे ‘मोठा डीसी घेऊ आणि कमी वेगावर चालवू’ हा विचार रिटर्न पंपाबाबत करताना आधी हेडचा हिशोब करावा. आपल्यासाठी ताशी ३,५०० ते ४,००० लिटरचा, किमान ३.५ मीटर हेडचा पंप योग्य ठरेल; तो ७५ ते ८५ टक्के वेगावर चालवला तर हवे तेवढे पाणी मिळून थोडी शक्ती हातची राहील. वेग कमी करण्याचा लाभही लहान नाही, कारण विजेची गरज वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. ८० टक्के वेगावर ती तत्त्वतः निम्म्यावर येते. कंट्रोलर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून प्रत्यक्षात बचत त्याहून जराशी कमी दिसते.

रिटर्नच्या नळीचे तोंड पाण्यात किती खोल ठेवायचे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. मला त्याचे उत्तर पहाटे तीन वाजता मिळाले. माझा पहिला सम्पचा टँक ९० बाय ४५ सेंटीमीटरचा होता आणि खालच्या भागातही प्रवाह जावा म्हणून मी नळीचे तोंड बारा सेंटीमीटर खोल नेले होते. वीज गेली, पंप थांबला, आणि त्याच नळीतून पाणी सायफनने उलटे सम्पमध्ये उतरू लागले. तोंड उघडे पडेपर्यंत ते थांबत नाही. ९० गुणिले ४५ गुणिले १२, म्हणजे जवळजवळ ४९ लिटर. सम्पमध्ये वीस लिटरची जागा शिल्लक होती. बाकीचे पाणी जमिनीवर. त्यानंतर मी तोंड पृष्ठभागाखाली दोन सेंटीमीटरपेक्षा खोल ठेवलेले नाही. आपल्या टँकमध्ये दोन सेंटीमीटर म्हणजे १४.४ लिटर, शिवाय ओव्हरफ्लोच्या कप्प्यातील आणि नळ्यांमधील पाणीही खाली येते. म्हणून सम्पमध्ये पंचवीस लिटर जागा कायम रिकामी राहील अशी पातळी ठरवावी आणि पहिल्याच दिवशी प्लग काढून स्वतः खात्री करून घ्यावी. पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये. त्यात चुन्याचा थर बसतो, गोगलगाय अडकते, आणि नेमका हवा त्या वेळी तो पूर्ण मिटत नाही.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे टँकच्या आतील प्रवाहाकडे येतो. प्रवाळाला कल्ले नाहीत आणि रक्ताभिसरण नाही. त्याच्या त्वचेला लागून पाण्याचा एक अतिशय पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. प्राणवायू आत जाणे, टाकाऊ द्रव्ये बाहेर पडणे, कॅल्शियम आणि कार्बोनेटची देवघेव होणे हे सारे त्या थरातून झिरपत होते. प्रवाह वाढला की हा थर पातळ होतो आणि देवघेव वेगवान होते. दिवसा प्रकाशात प्रवाळाच्या पेशींमधील शैवाल प्राणवायू भरपूर तयार करते, इतका की तो बाहेर काढून टाकणे ही त्याची गरज बनते. रात्री तोच प्रवाळ बाहेरून प्राणवायू मागतो. दोन्ही वेळी वाहते पाणीच उपयोगी पडते. १९९८ साली जगभर प्रवाळ विरंजन झाले, म्हणजे उष्णतेने प्रवाळ आतील शैवाल गमावून पांढरे पडले, त्यानंतर जपानमधील ओकिनावा येथे झालेल्या अभ्यासात उष्ण पाण्यातील ॲक्रोपोरा मंद प्रवाहात मोठ्या प्रमाणात मेले, तर जोरदार प्रवाहातले टिकून राहिले, असे दिसून आले. उन्हाळ्यात टँकचे तापमान चढलेले असताना आवाजाचा त्रास नको म्हणून वेव्हमेकर, म्हणजे टँकच्या आतील प्रवाहाचे पंप, मंद करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

प्रवाहाचे प्रमाण सांगण्याची रूढ पद्धत अशी की टँकच्या पाण्याच्या किती पट पाणी दर तासाला हलते ते मोजायचे. फक्त मासे असतील तर दहा ते पंधरा पट, मऊ प्रवाळांना दहा ते वीस, मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांना वीस ते तीस, आणि ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या प्रवाळांना चाळीस किंवा त्याहून अधिक, असे ठोकताळे प्रचलित आहेत. ते खरेदीपुरते उपयोगी आहेत. त्यापलीकडे त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. कारण ताशी ५,००० लिटर पाणी दोन सेंटीमीटरच्या तोंडातून बाहेर पडते की दहा सेंटीमीटरच्या पंख्यातून, यावर सारे अवलंबून असते. जुन्या पद्धतीच्या पॉवरहेडमध्ये (पाण्यात बुडवायच्या लहान पंपात) इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, आणि अरुंद तोंड असते. त्याची धार समोरच्या प्रवाळाचे मांस सोलून काढते आणि तिच्यापासून वीतभर बाजूला पाणी ढिम्म असते. प्रोपेलरच्या पंपातून रुंद, मऊ लोंढा निघतो, जो जाताना आजूबाजूचे पाणीही ओढून नेतो. वीजही बरीच कमी लागते. आज नवीन टँकसाठी पहिल्या प्रकारचा पंप प्रवाहासाठी घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. मीठ कालवण्याच्या बादलीत मात्र तो उत्तम काम देतो.

तिसरा प्रकार गायर पंपाचा. यात लांबट रोटर आडवा फिरतो आणि पाण्याचा पट्ट्यासारखा सपाट झोत निघतो. तो पृष्ठभागालगत आडवा बसवला की झोत टँकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खाली वळतो आणि तळावरून परत येतो, म्हणजे संपूर्ण टँकमध्ये एक मोठे चक्र तयार होते. लांब आणि मोकळ्या टँकमध्ये हे फार देखणे चालते. मात्र दगडांची भिंत उंच रचली असेल तर चक्र मध्येच तुटते. शिवाय या पंपाची साफसफाई वेळखाऊ असते. त्याच्या जाळीत शैवाल आणि चुना लवकर बसतो, आणि रोटर दोन्ही टोकांना टेकलेला असल्यामुळे बुशिंग झिजले की तो घरघरू लागतो. चौथा प्रकार म्हणजे ज्याची मोटार काचेच्या बाहेर राहते आणि आत फक्त पंखा असतो, दोन्ही चुंबकाने जोडलेले. व्हॉर्टेक हे त्याचे सर्वांत परिचित नाव. मोटारीची उष्णता बाहेर राहते, आत वायर नसते, टँक सुबक दिसतो. घेण्यापूर्वी काचेची जाडी पट्टीने मोजावी, कारण प्रत्येक मॉडेलची जाडीची मर्यादा ठरलेली असते आणि तिच्या पलीकडे पंखा निसटतो. काचेवर चिकटवायच्या सगळ्याच पंपांना ही सूचना लागू आहे.

आपल्या टँकसाठी मी एका मोठ्या पंपाऐवजी प्रत्येकी ताशी ६,००० ते ८,००० लिटरचे, वेग बदलता येणारे दोन प्रोपेलर पंप घेईन. सुरुवातीला ते चाळीस-पन्नास टक्क्यांवर चालवावेत. प्रवाळ वाढतील आणि ॲक्रोपोरा येतील तसा वेग चढवावा. दोन पंप घेण्यामागे तीन कारणे आहेत. एक बंद पडला तरी टँक जिवंत राहतो. दोन झोत समोरासमोर किंवा तिरके भिडले की मधल्या पाण्यात भोवरे तयार होतात आणि प्रवाळावर सर्व बाजूंनी पाणी येते. आणि दोघांचा जोर आळीपाळीने कमीजास्त केला की एकाच बाजूने सतत मार बसत नाही. एकाच दिशेने वर्षभर प्रवाह खाल्लेला प्रवाळ मागच्या बाजूने उघडा पडतो. त्या आडोशाला कचरा साचतो, आणि तेथूनच ऊती मरायला सुरुवात होते.

पंप कोठे लावावेत याचा अचूक नियम देता येत नाही, कारण प्रत्येकाचे दगड वेगळे. मी पुढीलप्रमाणे जातो. दोन्ही पंप दोन आखूड बाजूंना, मागच्या काचेकडे, पाण्याच्या वरच्या तिसऱ्या भागात लावतो. एक जरा वर, एक जरा खाली. झोत थेट प्रवाळांवर न नेता समोरच्या काचेवर तिरपा सोडतो, म्हणजे तो काचेला लागून पसरतो आणि मंद होऊन दगडांकडे येतो. एका पंपाचे तोंड थोडे वर करतो, जेणेकरून पृष्ठभाग सतत थरथरत राहील. हे थरथरणे शोभेचे नाही. प्राणवायूची देवघेव पृष्ठभागावरच होते, आणि २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात संपृक्त अवस्थेतही लिटरमागे जेमतेम ६.७५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. गोड्या पाण्यात त्याच तापमानाला ८.२६ मावतो. खाऱ्या पाण्याचा टँक मुळातच काटकसरीवर चालतो. पृष्ठभागावर तेलकट तवंग दिसू लागला तर प्रवाहाची दिशा चुकली आहे, असे समजावे. पण पंप इतकाही वर नेऊ नये की भोवरा पडून तो हवा ओढेल. पाणी आटून पातळी एक-दोन सेंटीमीटर उतरली की हे हमखास घडते.

पंप लावल्यावर दिवे लावा, पंपांशिवाय बाकी सर्व बंद करा आणि माशांच्या खाद्याचा एक बारीक, भिजवून जड केलेला दाणा एका टोकाला सोडा. काचेवर बाहेरून तीस सेंटीमीटरच्या दोन खुणा केलेल्या असाव्यात. दाण्याने हे अंतर सहा सेकंदांत कापले तर तेथे वेग सेकंदाला पाच सेंटीमीटर आहे, दोन सेकंदांत कापले तर पंधरा. मऊ प्रवाळ आणि मोठ्या पॉलिपचे प्रवाळ मी पाच ते दहाच्या पट्ट्यात ठेवतो, ॲक्रोपोरा पंधरा आणि त्यापुढे. आणखी पाच-सहा दाणे वेगवेगळ्या ठिकाणी सोडा. एखादा दगडामागे जाऊन बसला आणि उठलाच नाही, तर उद्या तेथेच गाळ साचणार आहे. ही दहा मिनिटांची चाचणी मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जाते.

त्यानंतरचे परीक्षण प्रवाळ स्वतः करतात. युफायलिया या मोठ्या पॉलिपच्या प्रवाळाचे लांब हात मंदपणे डोलायला हवेत. ते एकाच दिशेला ताणून राहिले असतील, किंवा मांस मागे सरून सांगाड्याची पांढरी कड दिसू लागली असेल, तर प्रवाह अधिक आहे. ती कड धारदार असते आणि त्यावर घासून मांस फाटते. मश्रूम प्रवाळ आक्रसून बसले तर तेही हीच तक्रार करत आहेत. याउलट प्रवाळाच्या पृष्ठभागावर राखाडी धूळ टिकून राहत असेल, किंवा लेदर कोरल या मऊ प्रवाळाने कात टाकायला सुरुवात केल्यावर ती मेणचट साल आठवडाभर तशीच चिकटून राहिली, तर प्रवाह कमी आहे. नवीन प्रवाळ टँकमध्ये आणल्यावर लगेच पंपाची दिशा बदलू नये. तीन-चार दिवस वाट पाहावी, कारण प्रवासाच्या धक्क्यानेही तो मिटलेला असतो.

वाळूचाही विचार हवा. बारीक, पिठासारखी वाळू सुंदर दिसते, पण ॲक्रोपोराला पुरेल एवढा प्रवाह आला की ती एका कोपऱ्यात ढीग करून बसते आणि दुसरीकडे काचेचा तळ उघडा पडतो. एक ते दोन मिलिमीटरचे दाणे घेतले तर हा प्रश्न बराचसा सुटतो. आपण वाळू अजून घातलेली नसेल तर हे आत्ताच ठरवा, नंतर बदलणे फार किचकट आहे.

कंट्रोलरमध्ये ‘लाटे’चा मोड असतो आणि नव्या माणसाला तोच सर्वांत मोहात पाडतो. पंप ठरावीक लयीत चालू-बंद झाला की टँकभर पाणी झोके घेऊ लागते. १२० सेंटीमीटर लांब आणि ५० सेंटीमीटर खोल पाण्याचा असा एक झोका साधारण १.३ सेकंदांचा असतो; पंपाची लय त्याच्याशी जुळली की फार कमी शक्तीत मोठी लाट उठते. प्रवाळांना ही मागेपुढे होणारी हालचाल मानवते, यात शंका नाही. पण प्रत्येक झोक्याला तीनशे किलोंहून अधिक पाणी मागेपुढे हलत असते, आणि त्याचा भार सिलिकॉनच्या सांध्यांवर व स्टँडवर येतो. पातळीतला चढउतार दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त दिसू लागला तर मी जोर कमी करतो. स्टँड कुरकुरत असेल तर हा मोड वापरूच नये.

एसी की डीसी, या प्रश्नाचे उत्तर आता सोपे झाले आहे. आतील प्रवाहाच्या पंपांसाठी डीसी घ्यावेत, कारण तेथे वेग बदलता येणे हाच त्यांचा उपयोग आहे. रिटर्नसाठी दोन्ही चालतात. साधा एसी पंप कमी भागांचा, दणकट आणि कंट्रोलरशिवायचा असतो. तो वर्षानुवर्षे मुकाट चालतो. डीसी रिटर्न पंपाचे पंखे-चुंबक सहसा टिकतात, बिघडतो तो कंट्रोलर किंवा अडॅप्टर, आणि त्यातही दमट, खारट हवेत सम्पशेजारी ठेवलेला. तो स्टँडबाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवावा. एसी घेणार असाल तर त्यावरील फ्रिक्वेन्सी वाचा: ६० हर्ट्झसाठी दिलेला प्रवाहाचा आकडा ५० हर्ट्झवर मिळत नाही, कारण या मोटारीचा वेग फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो आणि तो एक षष्ठांशाने कमी भरतो. आणि एसी पंप टायमरवर सतत चालू-बंद करून लाटा निर्माण करण्याचा प्रयत्न करू नये. सुरू होताना इम्पेलर दर वेळी ठोका देतो आणि काही महिन्यांत त्याची पाती किंवा बुशिंग निकामी होतात.

कोणताही पंप घेताना तो उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. आतील दांडा सिरॅमिकचा असावा. लोखंडी किंवा स्टीलचा स्क्रू पाण्याच्या संपर्कात कोठेही नसावा, मग तो स्टेनलेस असल्याचे कितीही सांगितले तरी. इम्पेलरच्या चुंबकावरील आवरण अखंड हवे. माझा एक पंप दोन वर्षांनी अडखळू लागला, तेव्हा उघडल्यावर चुंबक फुगलेला आणि आवरणाला केसाएवढी चीर गेलेली दिसली; आतून तांबूस गंज बाहेर येत होता. त्या महिन्यात टँकमधील गोगलगायी का सुस्त होत्या, याचा उलगडा तेव्हा झाला. असा चुंबक दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, सरळ बदलावा.

आपण समुद्रफूल ठेवण्याचा विचार करत असाल तर ते प्रवाळांच्या आधी, पंपांना जाळी किंवा स्पंजचे आवरण लावूनच ठेवा. समुद्रफूल जागा शोधत फिरते आणि प्रोपेलरमध्ये ओढले गेले की चिंधड्या उडतात; त्यानंतर टँकचे पाणी बिघडते ते वेगळेच. समुद्रघोड्यांना तर हा संपूर्ण आराखडाच लागू पडत नाही, त्यांना मंद प्रवाहाचा स्वतंत्र टँक हवा.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. सगळे पंप ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) असावेत. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टँकमध्ये हात घालण्यापूर्वी पंप बंद करावेत. वीज खंडित झाल्यास दोनपैकी एक आतील पंप बॅटरीवर चालू राहील, अशी सोय असलेलाच पंप निवडावा. कमी वेगावर तो ८ वॅट घेत असेल आणि बॅटरीतून ८० वॅट-तास मिळत असतील, तर दहा तास निघतात. या काळात रिटर्न बंद राहिला तरी चालते. पृष्ठभाग हलत राहणे महत्त्वाचे. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर सगळेच श्वास घेत असतात आणि प्रकाशाअभावी कोणी तयार करत नसते. म्हणूनच रात्रीच्या मोडमध्ये वेग फार खाली आणू नये, असे माझे मत आहे. खाऊ घालण्याचा मोड असतो तोही दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप पूर्ववत होणारा असावा. हाताने बंद केलेला पंप हाताने सुरू करायचा राहून जातो.

देखभालीत मुख्य शत्रू चुना आणि कोरलाइन, म्हणजे चुन्यासारखे कडक थर धरणारे, शैवाल. दर दोन-तीन महिन्यांनी पंप सुटा करून, पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेतलेल्या बादलीत तासभर चालवावा, मग जुन्या टूथब्रशने इम्पेलरची पोकळी घासावी आणि साध्या पाण्यात धुऊन परत लावावा. दोन्ही पंप एकाच दिवशी काढू नयेत. एक सुटा इम्पेलर आणि एक दांडा जवळ ठेवावा; रविवारी रात्री पंप अडकतो, तेव्हा हे किती मोलाचे असते ते कळते.

शेवटची एक नोंद रिटर्न पंपासाठी. बसवल्यावर लगेच नळीचे तोंड टँकच्या पाण्याच्या पातळीइतक्याच उंचीवर धरलेल्या बादलीत सोडा आणि दहा लिटर भरायला लागणारे सेकंद मोजा. वीस सेकंद लागले तर ताशी १,८०० लिटर, चोवीस लागले तर १,५००. तो आकडा, तारीख आणि कंट्रोलरवरील टक्के स्टँडच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढे हीच मोजणी दर तीन महिन्यांनी, त्याच टक्क्यांवर करा. वीसाचे पंचवीस सेकंद झाले की पंप उघडून साफ करण्याची वेळ झाली आहे.